निकाल एक वाजता

सर्व्हर भाड्याने घेतला की त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर लावलेलं मिळतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते भारतीय वेळेवर आणायचं काम आमच्या यादीत होतं आणि यादीतच राहिलं. म्हणून या हकिगतीत प्रत्येक प्रसंगाला दोन वेळा आहेत. एक भिंतीवरच्या घड्याळातली, एक सर्व्हरच्या लॉगमधली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका शिक्षणसंस्थेची प्रवेशपरीक्षा झाली होती, अकरा हजारांवर मुलं बसली होती. शनिवारी दुपारी एकला निकाल वेबसाइटवर लागणार होता. बैठक क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की गुणपत्रिकेची पीडीएफ उतरवून घ्यायची, एवढंच काम. वेबसाइट आम्ही दोघांनी पुण्यातल्या दीड खोलीत बसून बांधली होती. पायथन ३.५, जँगो १.११, डेटाबेस पोस्टग्रेस. सर्व्हर उबुंटू १६.०४ चा, चार कोअरचा. समोर अपाचे आणि अपाचे–पायथन यांच्यामध्ये दुभाषा म्हणून मॉड-विझ्गी.

या दुभाष्याबद्दल दोन शब्द. वेबसर्व्हर आणि पायथनचा प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचा करार फिलिप एबी यांनी २००३ मध्ये मांडला. तोच विझ्गी. २०१० मध्ये त्याची पायथन ३ साठी सुधारलेली आवृत्ती आली. अपाचेला तो करार शिकवणारं मॉड-विझ्गी ग्रॅहम डम्पलटन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने लिहिलं. आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्याची एकच ओळ महत्त्वाची होती: प्रोसेस २, प्रत्येकीत थ्रेड १५. ती आठवणीत ठेवा. मी ठेवली नव्हती.

शुक्रवार, संध्याकाळी ६ (लॉगमध्ये १२:३०). १९ तास बाकी

संस्थेच्या संचालक मॅडमना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवून झालं. बैठक क्रमांक १, नाव ‘टेस्ट स्टुडंट’, गुण ७२. पीडीएफ उतरली. मॅडम म्हणाल्या, "छान झालंय. उद्या काही गडबड नको हं." कॉल संपल्यावर मी खरा डेटा चढवला. जोडीदार खाली जाऊन वडापाव घेऊन आला.

रात्री ९:३० (१६:००). साडेपंधरा तास बाकी

परीक्षा विभागात एक काका होते, तीस वर्षं निकालाच्या याद्या करणारे. त्यांचा फोन आला. "सर, माझ्या पुतणीचा नंबर टाकून बघितला. इंग्रजीत काहीतरी येतंय. सर्व्हर एरर, पाचशे."

तोच क्रमांक मी लॅपटॉपवर टाकला. पीडीएफ आली. सर्व्हरवर टाकला. पाचशे. प्रोग्रॅम तोच, डेटाही तोच.

मग एरर लॉग उघडला. आधी २१:३० च्या आसपासच्या ओळी शोधल्या. एकही नाही. डोक्यात प्रकाश पडायला पाच मिनिटं गेली की सर्व्हरच्या हिशोबी अजून दुपार कलतेय. १६:०० च्या ओळी पाहिल्या. तिथेही काही नाही. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पाचशेची नोंद ठळक होती आणि एरर लॉग धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. चूक झालीय हे लिहिलेलं, काय चूक झालीय ते कुठेच नाही.

याचं कारण जँगोच्या स्वभावात आहे आणि ते माहीत नसल्याने रात्री घालवणारे मी बरेच पाहिलेत. डीबग चालू असताना जँगो चुकीचा सगळा पाढा पडद्यावर वाचतो. खऱ्या सर्व्हरवर डीबग बंद ठेवावंच लागतं, नाहीतर आतलं सगळं रस्त्यावरच्याला दिसेल. पण डीबग बंद केलं की, तुम्ही वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, जँगो चुका कन्सोलवर लिहायचं थांबवतो आणि ‘अ‍ॅडमिन्स’च्या यादीतल्यांना ईमेल करतो. आमची यादी रिकामी होती. जँगो इमानेइतबारे शून्य माणसांना ईमेल पाठवत होता.

रात्री ११:१५ (१७:४५). पावणेचौदा तास बाकी

सेटिंग्जमध्ये लॉगिंगचा तुकडा जोडला: चुका ‘निकाल’ नावाच्या लॉग फाइलमध्ये लिही. चाचणी म्हणून सर्व्हरवरच टर्मिनलमधून एक आज्ञा चालवून पाहिली. फाइल तयार झाली. समाधानाने अपाचे रीस्टार्ट केला आणि पूर्ण वेबसाइट झोपली. मुखपृष्ठसुद्धा.

या खेपेला एरर लॉग बोलला: पर्मिशन डिनाइड. आज्ञा मी माझ्या नावाने चालवली, म्हणून फाइल माझ्या मालकीची झाली. अपाचेखाली प्रोग्रॅम चालतो तो माझ्या नावाने नाही. तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाचा एक वेगळा वापरकर्ता असतो आणि त्याला माझ्या फाइलला हात लावायची मुभा नाही. सातशे सत्त्याहत्तरची आज्ञा देऊन सगळ्यांना सगळं मोकळं करण्याकडे बोटं वळली होती. जोडीदाराने मागून मनगट धरलं. फाइल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची करून दिली आणि साइट उठली.

रात्री १२:४० (१९:१०). सव्वाबारा तास बाकी

आता काकांच्या पुतणीची चूक लॉगमध्ये शब्दशः उमटली: युनिकोड एन्कोड एरर. ‘अ‍ॅस्की’ला ही अक्षरं लिहिता येत नाहीत, क्रमांक १२८ च्या आत नाहीत.

आम्ही पीडीएफची फाइल मुलाच्या देवनागरी नावाने साठवत होतो. हौस, दुसरं काय. उतरवून घेतल्यावर पोरांच्या मोबाइलमध्ये आपलं नाव मराठीत दिसावं म्हणून. माझ्या टर्मिनलची भाषा यूटीएफ-८ होती, त्यामुळे तिथून फाइलच्या नावात देवनागरी बिनबोभाट जायची. उबुंटूवर अपाचे सुरू होतो तेव्हा तो ‘एन्व्हव्हार्स’ नावाची एक फाइल वाचतो आणि त्या फाइलमध्ये ‘लँग’ची किंमत कारखान्यातूनच ‘सी’ अशी येते. सी म्हणजे अडाणी इंग्रजी. इंग्रजी मुळाक्षरं, आकडे, विरामचिन्हं, बस्स. त्या काळचा पायथन अपाचेच्या पोटात जागा व्हायचा तेव्हा फाइलींच्या नावांची लिपी याच एका अक्षरावरून ठरवायचा. इंग्रजी अक्षरांतला ‘टेस्ट स्टुडंट’ त्या चाळणीतून सहज पडला. मराठी नावाचं एकही पोर पडणार नव्हतं.

म्हणजे मॅडमना दाखवताना आम्ही अकरा हजारांतल्या एकाचाही निकाल तपासला नव्हता. जो मुलगा तपासला तो परीक्षेलाच बसला नव्हता.

उपाय जँगोच्या दस्तऐवजात लिहिलेलाच आहे: त्या फाइलमध्ये ‘लँग’ आणि ‘एलसी-ऑल’ यूटीएफ-८ करा. केलं. अपाचे रीलोड केला. तीच चूक. पुन्हा रीलोड. तीच. रीलोड म्हणजे चालू असलेल्या मालक-प्रोसेसला ‘कॉन्फिगरेशन परत वाच’ असा इशारा असतो. ती प्रोसेस मरत नाही, आणि जन्माच्या वेळी तिला मिळालेली भाषा तशीच राहते. अपाचे पूर्ण बंद करून नव्याने चालू केला तेव्हा पुतणीची पीडीएफ आली. मोबाइलवर उघडली. आडनाव साधं होतं, सगळं काना आणि अकार, बैठक क्रमांक बरोबर, बेरीज बरोबर. बंद केली. काकांना संदेश टाकला, "झालं काका." दीड वाजता त्यांचं उत्तर आलं: "मी छापील यादी पण काढून ठेवतो." मला जरा रागच आला.

शनिवार, सकाळी ७:१० (०१:४०). पावणेसहा तास बाकी

मॅडमचा फोन. गेल्या वर्षी कुणीतरी खोटी गुणपत्रिका घेऊन प्रवेशाला आलं होतं. प्रत्येक पीडीएफवर क्यूआर कोड टाकता येईल का? येईल, मी म्हणालो. निकालाच्या दिवशी सकाळी सातला ‘येईल’ म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

कोड लिहायला अर्धा तास लागला. क्यूआर बनवणारं पॅकेज सर्व्हरवर पिपने चढवलं, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ अशी ओळ आली. ८:२० ला विझ्गीच्या फाइलला टच केलं. त्या फाइलची तारीख बदलली की मॉड-विझ्गी आपल्या प्रोसेस नव्याने सुरू करतो, ही सोय मला फार आवडते. साइट पुन्हा झोपली.

लॉगचं शेपूट पाहिलं. ‘रनटाइम एरर: पॉप्युलेट इझन्ट रीएन्ट्रंट.’ खालची ओळ तीच, वरची तीच, त्यावरच्या पन्नास तशाच. हे पॉप्युलेट काय प्रकरण आहे म्हणून मी जँगोच्या पोटात शिरलो आणि चाळीस मिनिटं तिथेच हरवलो. इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी वरखाली केली. जुनी कॅश पुसली. जोडीदार चहा घेऊन आला, माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाला, "अरे, शेपूट काय धरून बसलायस? तोंड बघ."

वर सरकत गेलो. साइट सुरू झाल्यानंतरची अगदी पहिली चूक वेगळी होती: ‘इम्पोर्ट एरर’, क्यूआरचं पॅकेज सापडत नाही. जँगो जागा होताना एकेक अ‍ॅप भरत जातो. अर्ध्यात ठेच लागली की पडतो, पण प्रोसेस जिवंतच राहते. पुढची विनंती आली की मॉड-विझ्गी त्याच प्रोसेसमध्ये परत प्रयत्न करतो, जँगोला आपलं अर्धवट भरलेलं भांडं दिसतं आणि तो ओरडतो की हे दुसऱ्यांदा भरता येत नाही. खरं कारण प्रत्येक प्रोसेसमागे एकदाच लिहिलं जातं. मग नुसते प्रतिध्वनी. दोन प्रोसेस, दोन खऱ्या ओळी, त्यावर प्रतिध्वनींचा ढिगारा.

पॅकेज का सापडलं नाही? मी पिप चालवला त्या खिडकीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे साइटच्या पॅकेजेसचं वेगळं कपाट, चालू नव्हतं. पॅकेज माझ्या घरात जाऊन पडलं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या घरात नाही. रात्रीपासून ही तिसरी वेळ. फाइल माझी, भाषा माझी, पॅकेज माझं. मी जो प्रोग्रॅम तपासत होतो आणि लोकांना जो मिळत होता ते सख्खे भाऊही नव्हते.

९:५० ला साइट उठली.

सकाळी ११:३० (०६:००). दीड तास बाकी

जोडीदाराने विचारलं, "एकावेळी किती जण झेपतील?" दोन गुणिले पंधरा, तीस. एकतिसावा रांगेत. अकरा हजार मुलं एकच्या ठोक्याला येणार.

त्यात पायथनची एक खोड आहे. एका प्रोसेसमध्ये थ्रेड पंधरा असले तरी पायथनची आज्ञा एकावेळी एकच थ्रेड चालवू शकतो, कारण सगळ्यांत मिळून कुलपाची किल्ली एक. पीडीएफ बनवणं हे डोकं चालवायचं काम, थांबून वाट पाहायचं नाही. म्हणजे चारपैकी फार तर दोन कोअर राबणार. तेव्हा प्रोसेस वाढवायच्या हे तर्काला धरूनच होतं. २ च्या १० केल्या. थ्रेड १५ तसेच ठेवले.

तपासायला अपाचेबरोबरच येणारं ‘एबी’ नावाचं हत्यार घेतलं आणि मुखपृष्ठावर दोनशे जणांचा मारा केला. साइट हलली नाही. आम्ही टाळी दिली.

मुखपृष्ठ डेटाबेसला हात लावत नव्हतं.

दुपारी १२:४० (०७:१०). वीस मिनिटं बाकी

मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा फिरवला होता. अ‍ॅक्सेस लॉग पावसासारखा पडायला लागला. पोरं मुखपृष्ठ ताजं करत बसली होती. सर्व्हर शांत. काकांचा फोन: "सर, गेटवर पालक जमलेत, यादी लावू का?" मी म्हणालो, "काका, जरा थांबा ना. वेबसाइटचा मान राहू द्या."

दुपारी १ (०७:३०)

पहिली दोन मिनिटं निकाल भराभर गेले. लॉगमध्ये दोनशे, दोनशे, दोनशे, म्हणजे सगळं ठीक.

०७:३३ ला पोस्टग्रेसची पहिली ओळ आली. फेटल. उरलेल्या जागा सुपरयूजरसाठी राखीव आहेत.

पोस्टग्रेस मूळच्या सेटिंगमध्ये एकावेळी शंभर जोडण्या देतो. त्यातल्या तीन सुपरयूजरच्या, एसटीत खिडकीवर ‘राखीव’ लिहिलेल्या जागांसारख्या. आपल्याला सत्त्याण्णव. जँगोचा प्रत्येक थ्रेड पहिल्यांदा डेटाबेसला काही विचारतो तेव्हा स्वतःची जोडणी उघडतो, आणि वेग वाढावा म्हणून आम्ही ती दहा मिनिटं उघडीच ठेवायला सांगितलं होतं. दहा गुणिले पंधरा, दीडशे. साडेअकराला केलेला बदल दीड तास पोटात दबा धरून बसला होता, कारण तोवर कुणी डेटाबेसपर्यंत पोचलंच नव्हतं.

त्रेपन्न थ्रेडना जागा मिळाली नाही, म्हणजे तिघांतल्या एकाची निराशा होईल, असं मला त्या क्षणी वाटलं. तसं घडत नाही. ज्याच्याकडे जोडणी आहे तो थ्रेड पीडीएफ रचतो, क्यूआर काढतो, चार कोअरवर शंभर जणांत धक्के खात वेळ घेतो. ज्याच्याकडे नाही तो क्षणात ‘पाचशे’ सांगून मोकळा होतो आणि लगेच पुढचं पोर उचलतो. नापास करणारी खिडकी रिकामी, म्हणून रांग तिकडेच सरकते. पाच मिनिटांत जवळजवळ प्रत्येकाला पाचशेच दिसू लागलं. दिसलं की पोर पान ताजं करतं. मोबाइलवर पान सोडून दिलं तरी सर्व्हरवरच्या पायथनला त्याचा पत्ता नसतो. तो निघून गेलेल्या पोराची गुणपत्रिका मन लावून पूर्ण करतो.

मी डेटाबेसमध्ये शिरायला गेलो. मलाही तेच उत्तर, जागा नाही. मग सुपरयूजर होऊन राखीव बाकावर बसलो आणि आत पाहिलं. सत्त्याण्णव ओळी, सगळ्या आमच्याच.

१:११ ला विझ्गीची फाइल टच केली. जोडण्या सुटल्या, मिनिटभर निकाल गेले, परत सत्त्याण्णव. १:१५ ला परत टच. परत तेच. तोवर दोन्ही फोन एकदम वाजत होते. एका पालकाला माझा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. ते फक्त एवढंच विचारत होते, "साहेब, नापास झाली तर असं येतं का?"

१:२२ ला जोडीदाराने कीबोर्ड ओढून घेतला आणि दार लावलं. अपाचेने सगळ्यांना एकच साधं पान द्यायचं: निकाल अडीच वाजता. पायथन बाजूला. मी काकांना फोन केला. "काका, यादी..." ते म्हणाले, "एक पाचलाच लावली सर."

मग आदल्या आठवड्यात करायला हवं होतं ते केलं. सगळ्या गुणपत्रिका आधीच बनवून ठेवायच्या. चार कोअर, चार वाटे, आज्ञा या वेळी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने. सतरा मिनिटं लागली. साइटने आता फक्त जन्मतारीख पडताळून तयार फाइल हातात द्यायची. प्रोसेस ४, थ्रेड ५, गुणाकार २०. कागदावर लिहून, दोघांनी तपासून. घड्याळही त्याच भरात भारतीय वेळेवर आणलं.

दुपारी २:०५ (लॉगमध्येही १४:०५)

दार उघडलं. दहा मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता लॉग पाहत होतो. दोनशे, दोनशे, दोनशे. वडापावचा कागद कालपासून टेबलावर तसाच होता.

काकांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, तीस वर्षांच्या सवयीची चिकाटी होती.

"सर, आता उघडतंय, सगळ्यांचं उघडतंय. फक्त एक बघा. जेवढे शिंदे आहेत ना, त्यांची पहिली वेलांटी ‘श’ सोडून पुढच्या अक्षरावर जाऊन बसलीय."